उपाशीपोटी घेतलेली गोळी

आमच्या गल्लीत जो तो मला एकच सल्ला द्यायचा, उन्हात बसा. नवरा गेल्यावर डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन मी पार शिराळ्यापर्यंतची गावं तुडवली. जुन्या साड्या घ्यायच्या आणि बदल्यात पातेली द्यायची. उन्हानं टाळू भाजून निघायची. ती पाटी उतरवून मलकापुरात दुकान उभं केलं, ते काय पुन्हा उन्हात बसायला?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मांड्यांतली ताकद गेली. दुकानातल्या गादीवरून उठायचं तर हंड्यांची फळी धरावी लागे. आमच्या धंद्यात उठणं फार महत्त्वाचं. भाव पटला नाही की बाई पाठ फिरवून निघते. तेव्हा दुकानदारानं झटकन उंबऱ्यापर्यंत जाऊन तिला हाक मारायची असते, नाहीतर ती पुढच्या दुकानात शिरते. मी उठेपर्यंत बाया गल्लीच्या टोकाला पोचलेल्या असायच्या. धाकट्या दिरानं हे पाहिलं.

"वहिनी, लय केलंत. दिवाळीपासनं दुकान मी बघतो."

"तुमी? तांब्याचा भाव तरी ठावं हाय का, भावजी?"

"शिकंन की. पण उठायला येत न्हाई तवा तुमी कसं चालवणार?"

फार लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

कराडला डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व अगदी तळाला. म्हटलं, एवढं ऊन खाल्लेल्या बाईला?

"तेव्हाचं ऊन आता पुरत नाही, मावशी. हल्ली तुम्ही दिवसभर आतच असता," त्या म्हणाल्या. आठवड्याला एक गोळी, दोन महिने.

"दोन-दोन घेतल्या तर निम्म्यात उरकंल का?"

"इथे घासाघीस नाही. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढेल, मूत्रपिंडाला त्रास होईल. एकच घ्यायची."

आठवड्याचं औषध लक्षात राहावं म्हणून मी ते शुक्रवारला बांधलं. औंधच्या यमाईचा उपवास माझा कधी चुकत नाही. सकाळी पाण्याबरोबर गोळी, मग दिवसभर कोरा चहा. एकही शुक्रवार सोडला नाही. दोन महिने सरले तरी फळी काही सुटेना. भावजी मात्र दुकानात मोजमापाची टेप लावून गेले. माझी गादी काढून तिथं काउंटर आणि फिरती खुर्ची टाकायची होती म्हणे त्यांना.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. पातळी जेमतेमच वाढलेली. "गोळी कशाबरोबर घेता?"

"पाण्यासंगं. उपास असतोय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, ही तेलातुपात विरघळणारी गोळी. पोटभर जेवणासोबत घ्यायची. उपाशीपोटी ती नीट अंगी लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग तवाच का न्हाई सांगितलं? मी कुकर विकते तर शिट्टी कशी बसवायची, रबर कवा बदलायचं, सगळं सांगून विकते. तुमी एवढ्या शिकलेल्या, आन् एक वाक्य जड झालं?"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावायला लागले. "सांगायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या आणि पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. माझे दोन महिने कोण परत देणार होतं? दिवाळी तर जवळ येत होती.

आता गोळी रविवारी, मटणाचं जेवण झालं की. भावजी जेवायला असले की टोमणा ठरलेला, "वहिनी, औषध हाय का पंगत?"

"तुमी गप रस्सा वरपा."

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भावजी सकाळपासून दारातच उभे, जणू ताबा घ्यायलाच आलेत. एका बाईनं तांब्याच्या घागरीवरून माझ्याशी चांगलीच हुज्जत घातली आणि घागर आपटून निघाली. मला राग आला. या भावात ही घागर हिला कराडात तरी मिळाली असती का! मी उठले आणि उंबऱ्यावर जाऊन ओरडले, "आवं ताई, शेवटचं सांगते, ऐका तरी!"

बाई वळली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी फळीला हात लावलेला नाही.

भावजी माझ्या पायांकडे बघत दारातच खिळले होते.

"सरका भावजी," मी म्हटलं, "गिऱ्हाईक आत येतंय."