जाऊबाई आणि अमोनियाची चाचणी

हवेतले वायू मोजणाऱ्या यंत्रांची आमच्या प्रयोगशाळेत परीक्षा होते, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई तिथल्या सगळ्यात कडक परीक्षक. पंप हवा ओढतो, हवा बाटलीतल्या द्रावणातून बुडबुडत जाते, वायू द्रावणात उतरतो. आधी नुसती स्वच्छ हवा सोडायची. तेव्हा आकडा शून्यापाशीच राहायला हवा. मग मापून वायू सोडायचा. यंत्रात खोट सापडली की जाऊबाईंना त्या दिवशी दोन घास जास्त जात. मी तिथेच ऑफिसात टायपिंग करते, म्हणजे घरीदारी त्या माझ्याच वाट्याला.

विभागप्रमुख निवृत्त होणार होते. ती खुर्ची आपलीच, असं जाऊबाई धरून चालल्या होत्या. तेवढ्यात एक नवी परीक्षक आली. हुशार, हसरी, वर तरुण. प्रयोगशाळेचे मोठे साहेब तिला एकदा 'शाब्बास' काय म्हणाले, जाऊबाई तिला पाण्यात पाहू लागल्या.

"केस बघितलेस तिचे? एक पांढरा नाही!"

"ताई, तिचं वय काय, तुमचं काय!"

"जळते मी, हो, जळते! तू कोणाच्या बाजूची गं?"

साहेबांनी दोघींना मिळून अमोनियाची चाचणी करायला सांगितली. ती पाहून खुर्ची कोणाला ते ठरणार होतं. त्या दिवशी केसांना कलप लावून कोणी प्रयोगशाळेत यायचं नाही, कारण कलपात अमोनिया असतो, हा नियम खुद्द जाऊबाईंचा. आणि नेमक्या त्याच सकाळी आमच्या बाथरूममध्ये त्या कलप लावत होत्या.

"ताई, अहो, आज..."

"धुतेय ना? फार शहाणपणा नको."

आकडे टिपून घ्यायला साहेबांनी मला बसवलं होतं. नवीने बाटल्या धुतल्या. जाऊबाईंनी अगदी ओणवून त्यांत द्रावण भरलं. स्वच्छ हवा सोडली, तर आकडा भलताच वर!

"बाटल्या हिने धुतल्यात! हिनेच घोळ घातलाय!" जाऊबाई साहेबांसमोर कडाडल्या. मी मान खाली घातली. घरी परत जायचं होतं मला.

नवीची नजर जाऊबाईंच्या कानामागच्या काळ्या डागावर गेली आणि तिथेच थांबली. मग ती गोड आवाजात म्हणाली, "हो सर. माझंच चुकलं असेल."

खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला रागच आला. इतकं चांगलं कोणी असतं का?

साहेब खूश झाले. "चूक झाली की लगेच कबूल करणारं माणूस मला हवंय. विभाग उद्यापासून हिच्याकडे."

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, तिची कसली चूक? चूक माझी आहे! माझी!"

साहेब गहिवरले. "बघा, तिला सावरून घ्यायला स्वतःवर घेतायत. केवढं मोठं मन!" त्यांनी जाऊबाईंना पुढे बोलूच दिलं नाही, आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यात जोरात नवी वाजवत होती.