बर्फ ऐकणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाई बर्फ ऐकायच्या. लसीच्या डब्यात ठेवायचा प्रत्येक आइसपॅक कानाशी धरून हलवायच्या आणि आत पाणी डुचमळलं तरच तो डब्यात जायचा. फ्रीजरमधून काढलेला कडक पॅक तसाच ठेवला की न्युमोनियाची लस गोठते, आणि गोठलेली लस फेकावीच लागते.

दिघोरीकडच्या गावांत त्यांच्या जिभेला सगळेच टरकून असत. भाताच्या रोवणीत बाया आरोग्य केंद्रावर येत नाहीत म्हणून त्या डबा घेऊन थेट बांधावर जायच्या. "रोवणी उद्याबी होते, आधी लेकरू आण!" असं ओरडायच्या. बाया हसत हसत हात धुऊन येत.

मी तेव्हा त्या केंद्रात फार्मासिस्ट होतो. एका सकाळी उशीर झाला म्हणून डबा मी भरला.

"ऐकलं काय रे?"

"हो बाई," मी म्हणालो. ऐकलं नव्हतं.

बांधावर डबा उघडला तर कुप्यांत बर्फ. बाईंनी सगळ्या कुप्या बाद केल्या आणि दीड महिन्याचं लेकरू घेऊन चिखल तुडवत आलेल्या आईला परत पाठवलं. पुढची तारीख महिन्यानं होती. त्याआधीच ते लेकरू न्युमोनियानं गेलं. एका लसीनं ते वाचलंच असतं असं नाही, असं मला समजावणारे पुष्कळ भेटले. बाईंनी कधी समजावलं नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'मातेचा निष्काळजीपणा'. बाई खुर्चीवरून उठल्या. "ते बाई तं आली होती साहेब! बर्फ आमचा चुकला. काहून तिच्यावर लोटून राहिले?" मी शेजारी उभा होतो आणि गप्प होतो. साहेबांनी शब्द बदलला नाही. त्या कागदाची चीड मला आजही येते, त्याहून जास्त माझ्या गप्प बसण्याची.

नोकरी सोडून मी नागपूरला संशोधनात शिरलो. न्युमोनियाचीच लस, पण कोरडी भुकटी करून श्वासातून द्यायची. सुई नको, बर्फ नको. बाईंना कौतुकानं सांगायला गेलो तर त्या उखडल्या. "दीड महिन्याचं लेकरू श्वास ओढ म्हटल्यावर ओढते काय? अन् पावसाळ्यात तुह्या भुकटीचा गोळा झाला तं?" प्रयोगशाळेत आमची वर्षं याच दोन प्रश्नांत गेली. मीटिंगमध्ये कोणी खेड्यातल्या अडाणी आयांबद्दल बोलू लागलं की माझा आवाज चढतो. लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणोत.

परवा साकोलीला त्यांच्या घरी गेलो. निवृत्त झाल्यात, गुडघे गेलेत, राग तसाच आहे. बस म्हणण्याआधीच विचारलं, "झाली काय तुही भुकटी?"

"अजून उंदरांवरच चाललंय, बाई."

"जगून राहिले काय उंदीर?"

"हो. लस दिलेले बहुतेक जगतात."



"बरं झालं," त्या म्हणाल्या. "अन् जो मरते त्या उंदराची माय तं रडत नसन."