घट्ट खोबरेलाऐवजी लाडवात काय घालावे?

घट्ट खोबरेल मिळत नसेल, तर भाजलेल्या तांदळाच्या पिठाचे लाडू कशाने वळावेत, हा प्रश्न मी युद्धाच्या दिवसांत वऱ्हाडातल्या जऊळक्याला मास्तर असताना सोडवायला घेतला. तो हौसेचा नव्हता. पत्नीला पाचवा महिना होता. तुपाच्या नुसत्या वासाने तिला उलटी होई. पोटात टिकत ते फक्त तिच्या कोकणातल्या माहेरचे हे लाडू, आणि त्यांसाठी सासरे पाठवीत तो खोबरेलाचा डबा युद्धामुळे येईनासा झाला होता. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती.

फळ्यावर त्रैराशिक सोडवणाऱ्या माणसाला लाडू अवघड जाईल, असे मानण्याचे मला कारण दिसले नाही. मी वही आखली. प्रथम जवसाचे तेल घेतले. लाडू संध्याकाळपर्यंत ताटभर पसरले. पत्नीने बोट लावून विचारले, "हे खायचं, की ह्याने दारं रंगवायची?" करडईच्या तेलाने तेच उत्तर निराळ्या वासाने दिले. मग वाशिमहून बिनवासाचे वनस्पती तूप आणवले. लाडू शाळेची घंटा बडवता येईल इतके घट्ट झाले. टाळूला मात्र असा लेप बसला की पहिल्याच घासाला ती मोरीकडे धावली.

अखेर स्टेशनाजवळच्या दुकानात थंडीने गोठलेली खोबरेलाची बाटली सापडली, तेव्हा मला माझ्या चिकाटीचे फार कौतुक वाटले. लाडू वळले आणि घरभर मोगरा दरवळला. वऱ्हाडात खोबरेल डोक्याला लावतात, ही क्षुल्लक नोंद तेवढी माझ्या वहीत नव्हती. शेजारच्या शेतकरी घरातल्या म्हाताऱ्या काकू वासाने दारात आल्या.

"मास्तर, लाडवाची येनी घालून राह्यले का?"

मी संपूर्ण प्रयोगमाला क्रमाने सांगितली. त्यांनी ती ऐकली, हेच पुष्कळ.

"तेल कायले धुंडता? दान्यात का पानी भरलं हाय?"

त्यांनी भाजलेले शेंगदाणे गरम असतानाच उखळात घातले आणि कुटाला तेल सुटून तो मुठीत धरेपर्यंत कुटले. मग गूळ, शेवटी पीठ.

"हे तुमाले शाळेत नाई शिकवलं?"

"नाही."

"मंग पोरायले काय शिकवता?"

पत्नीने अर्धा लाडू खाल्ला. काकू आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. ती म्हणाली, "आईच्या लाडवांची चव नाही." मी वही उघडली. "लिहिता काय? उरलेला अर्धा द्या."

प्रमाण असे: दोन वाट्या दाणे, एक वाटी भाजलेले पीठ, पाऊण वाटी गूळ, दाणे गार होऊ देऊ नयेत. हे एकाच घरातले, एकाच हिवाळ्यातले उत्तर आहे. वाचकांनी ते आपल्या घरी करून तपासावे, ही विनंती.