सरांचा आवाज

शिंप्याची मुलगी डॉक्टर झाली तेव्हा बाप गिऱ्हाइकांना सांगायचा, "टाके आम्ही दोघंही घालतो. फक्त माझं गिऱ्हाईक जागं असतं, म्हणून भांडतं." साडेपाच वर्षं डॉक्टरकी, तीन वर्षं सर्जरी, मग आणखी तीन वर्षं फक्त कॅन्सरच्या शस्त्रक्रिया. वर परदेशात वर्षभर राहून ती स्वरयंत्र वाचवून गाठ काढायलाही शिकून आली. पोरीचं शिकणं काही संपेना म्हणून आईने कपाळाला हात लावला होता.

पुढे गळ्याच्या कॅन्सरमध्ये तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. तो हात घडवला तिला सर्जरी शिकवणाऱ्या सरांनी. पहिल्यांदा सुरी हातात घेऊन ती भराभर चीर द्यायला गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "घाई कोणाला आहे? पेशंट कुठे पळत नाही."

निवृत्तीनंतर तेच सर तिच्यासमोर पेशंटच्या खुर्चीत येऊन बसले. आवाज तीन महिने बसलेला. स्कॅनमध्ये गाठ स्वरयंत्राच्या भिंतीत शिरलेली स्पष्ट दिसत होती.

"सर, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल."

"मग बोलू कसा? जन्मभर बडबड करून पोट भरलं मी. तू वाचवायला शिकून आलीस ना? मग वाचव."

दुसरा कोणी असता तर तिने तासभर बसून त्याला समजावलं असतं. सरांपुढे मात्र मान आपोआप हलली. डॉक्टरांच्या बैठकीत सहकाऱ्याने भुवया उंचावल्या, तर म्हणाली, "मी बघते."

ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. रिपोर्ट आला, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून साफ, पण जेमतेम. सर घोगऱ्या आवाजात दर रविवारी फोन करायचे. नवव्या महिन्यात गाठ परत आली आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली. आता सुरीचं काम राहिलं नव्हतं.

"सर, मी तुमचं ऐकायला नको होतं."

"नकोच होतं," ते म्हणाले. जरा दम खाऊन पुढे म्हणाले, "मीही पेशंट म्हणून यायला हवं होतं. सर म्हणून आलो."

सर वारले तेव्हा ती त्यांच्या घरी भेटायला गेली. सरांच्या बायकोने तिचा हात हातात घेतला. "या काही महिन्यांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं चाळीस वर्षांत बोलले नव्हते गं."

तिने त्यांचा हात थोपटला. पण वेळीच पूर्ण काढलं असतं तर सर मुके का होईना, आज या खोलीत बसलेले असते, हे काही तिच्या मनातून जाईना.

हल्ली ओळखीचं कोणी आलं की ती केस सहकाऱ्याकडे सोपवते. नातेवाईक नाराज होतात. बाई मोठ्या झाल्या, माणसं विसरल्या, असं पाठीमागे बोलतात. तिच्या कानावर येतं. तरी ओळखीच्याची पुढची फाइलही ती सहकाऱ्याकडेच पाठवते.