तराजूतली आफ्रिका

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तराजूच्या पारड्यात आफ्रिका होती. पुठ्ठ्याची. आदल्या संध्याकाळी नानांनीच ठेवलेली. मी म्हटलं, "नाना, तुमचं खंड उचला." ते चप्पल शोधत म्हणाले, "ऱ्हाऊ दे भो, उद्या लई जासू." उद्या घेऊन जाणार होते.

आमचं सराफी दुकान जळगावात. नाना मूळचे पिंपळनेरकडचे. नोकरीभर धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर आमच्या गल्लीत राहायला आले. माझ्या बापजाद्यांचा पितळी तराजू नुसता शोभेला उरला होता, तो त्यांनी ताब्यात घेतला. शाळेतल्या नेहमीच्या नकाशातून कापलेली आफ्रिका आणि ग्रीनलँड ते पारड्यांत ठेवत. काटा जवळपास मधे राही. मग समक्षेत्र नकाशातली तीच जोडी ठेवत. या नकाशात देशांचा आकार थोडा ताणला जातो, पण प्रत्येकाच्या वाट्याला क्षेत्रफळ बरोबर येतं. आफ्रिका धाडकन खाली, ग्रीनलँड वर. "चौदा मावतात आत," नाना खुशीत सांगत. मंगळसूत्र घ्यायला आलेल्या बायकासुद्धा हे बघून जात आणि कधी कधी मंगळसूत्र राहूनच जाई.

त्यांना एकच ध्यास होता... गल्लीजवळच्या शाळेच्या भिंतीवर हा नकाशा रंगवायचा. परवानगी होती संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आबांच्या हातात. आबा अमळनेरकडचे, केळीचे व्यापारी. नकाशातले ताणलेले देश बघून म्हणाले, "नाना, जग वढेल दिसस." मी आबांना दुकानात चहाला बोलावलं. नानांनी जुन्या नकाशातला भारत ग्रीनलँडसमोर ठेवला. भारत वर लटकला. नव्या नकाशातला ठेवला. भारत खाली बसला. आबांचा चेहरा खुलला. "मंग भारत आखो जरा मोठा काढा ना."

मी नानांना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. तोंडाशी आलेला घास होता. नानांनी कप खाली ठेवला. "नाही आबा. मग हा नकाशा कशाला? तुमच्या केळीला कुणी खोटं वजन लावलं तर?"

"जास्त लावं ते माले चाली," आबा म्हणाले.

नाना हसले, पण हलले नाहीत. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं जपलेली भिंत हा माणूस चिमूटभर भारतासाठी घालवतोय! आबांनी चहा संपवला, मिशा पुसल्या. "बरं, काढा तुमच्या हिशोबानं. पण भारत केळीच्या पिवळ्या रंगात."

"चालेल," नाना म्हणाले, "रंगाला वजन नसतं."

भिंत रंगली. नाना रोज फिरायला म्हणून निघत आणि तिच्यासमोरच उभे राहत. जाण्याच्या आदल्या दिवशीही तिथूनच दुकानात आले होते, एका गिऱ्हाइकाला आफ्रिका दाखवली आणि घरी गेले.

परवा अक्का, नानांच्या पत्नी, दुकानात आल्या. मी पुठ्ठ्याचे तुकडे पिशवीत भरून ठेवले होते. आफ्रिका तेवढी पारड्यातच होती, तिला हात लावायचा धीर होईना. "अक्का, ही पण घेऊन जा," मी म्हटलं. त्यांनी पारड्याच्या कडेची धूळ पदरानं पुसली. मग चप्पल घालत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. उद्या लई जासू."