चिखलातला ठसा

मी वनखात्यात पंचनामे लिहितो, त्यामुळे घोटीकडच्या एका पंचायत समिती सदस्याशी माझी नेहमीच गाठ. त्यांचा अख्खा पक्ष एका जीपमध्ये मावतो. मागणी एकच: भातात घुसणारी रानडुकरं मारायची परवानगी द्या. दर बैठकीत ते पिशवीतून तुडवलेला भात मुळांसकट, चिखलासकट काढतात आणि टेबलावर ठेवतात. "वाचू नका साहेब, बघा," एवढंच भाषण. अधिकारी घाईघाईनं आपापल्या फायली उचलतात.

त्यांच्या आजोबांची शिकार कायद्यानं बंद झाली. माग ओळखायची नजर मात्र नातवात उतरली.

निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या मेहुण्याचा भात आडवा झाला. रानटी जनावरानं नासधूस केली तरच मिळणाऱ्या सरकारी भरपाईसाठी सगळी वाडी बांधावर जमली. मी 'रानडुक्कर' लिहायला घेतलं, तोच हे उकिडवे बसले आणि ठशावर बोट ठेवून म्हणाले, "थांबा. डुकराच्या खुरामागं दोन नख्या उठत्यात. इथं नाय. ही गाय हाय."

मेहुणा भडकला. "दाजी, मतं आमची अन् साक्ष गाईची?"

"आज गाईला डुक्कर म्हनलं, तर उद्या खऱ्या डुकराला कोन डुक्कर म्हनंल?"

त्या वाडीनंच त्यांना पाडलं. निकालानंतर तिसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर उभे, हातात तीच पिशवी.

"आता तर तुम्ही सदस्य नाही," मी चाचरत म्हटलं.

"पन डुकरं हायेतच की, साहेब."

त्यांनी भात टेबलावर ठेवला. मी फाईल उचलली नाही.