रेस नाही लावायची, आई न्यायचीय

खडीच्या खाणीवर गाड्या चालवणारे गडी काय कमी आहेत? मिशा आहेत, काळे चष्मे आहेत, हॉर्न तर असे की मेलेला उठून बसेल. पण खाणीमागचा तो चढ, जिथं रस्ता म्हणजे नुसते फुटके दगड, तिथं जीप एका दमात वर नेणारं माणूस एकच. आमची धाकटी. बहीण आहे म्हणून नाही, जाऊन कुणालाही विचारा. ज्यांनी "बाई काय चालवणार" म्हणून तोंडं वाकडी केली, तेच आता तिच्या जीपमध्ये पुढची सीट मिळावी म्हणून एकमेकांना ढकलतात.

दिवसभर ती खाणीवरची माणसं आणि लोखंडी सामान वर-खाली करते. संध्याकाळी घरी येते तेव्हा चेहऱ्यावर इतकी धूळ असते की डोळे कुणी दुसऱ्याचे आणून बसवल्यासारखे वाटतात. चप्पल काढायची म्हणून उंबऱ्यावर बसते आणि तिथंच बसून राहते. आई आतून हाक मारते, "आलीस का गं?" ती म्हणते, "हो, निम्मी आलेय. निम्मी मागून येतेय."

घर त्या चढाच्या वरच्या टोकाला. घरात दोघीच. आईच्या किडन्यांनी कधीच हात वर केलेत. रक्त धुवायच्या मशीनला न्यायचं तर खाली शहरातल्या दवाखान्यात, आणि वाट तीच, दगडांची. म्हणून ज्या दिवशी खाणीची फेरी नसते त्या दिवशी आईची फेरी असते. धाकटीला सुट्टी अशी नाहीच.

अलीकडे आईनं नवीनच सुरू केलं होतं. निघायच्या वेळी पांघरूण ओढून घ्यायचं आणि म्हणायचं, "आज राहू दे गं. झोप लागतेय."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले? चुकवलंस तर पाणी छातीत चढेल."

"चढलं तर चढलं. मी काही विहीर नाहीये, किती चढणार?"

एकदा चुकवलं. मग पायाला सूज आली, चप्पल जाईना. मग पुन्हा एकदा चुकवायला बघितलं. धाकटीच्या मनानं घेतलं की आई आता जगायला कंटाळली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारायलाही जीभ रेटली नाही, कारण विचारलं आणि आई "हो" म्हणाली तर पुढं काय बोलायचं? आणि अंगात तेवढं त्राण तरी कुठं होतं?

तेवढ्यात जीपच्या मागच्या शॉकअपनी मान टाकली. खालून तेल गळायला लागलं, आणि एका खड्ड्यात गेलेली जीप पुढचा खड्डा येईपर्यंत उड्याच मारायला लागली. स्पेअरपार्टवाल्या दुकानदारानं फळीवरून चकचकीत निळी जोडी काढली, बाजूला जाडजूड डबा लावलेली. "घ्या ताई. रेसवाले हेच लावतात. डोंगरावरून उडी मारली तरी काही होत नाही."

"भाऊ, मला रेस नाही लावायची, आई न्यायचीय."

दुकानदारानं निळी जोडी परत फळीवर ठेवली. बाजूला स्टुलावर मिस्त्री बसला होता. तिची जीप तोच बघतो, आणि स्वतःच्या बायकोवर ओरडत नाही एवढा धाकटीवर ओरडतो.

"बंदवाले घेऊ नकोस," तो म्हणाला. "स्वस्त दिसतात. पण खाणीची धूळ सील खाते. सील गेलं की तेल गेलं, तेल गेलं की फेकून द्यायचे. हे बघ, हे खोलता येतात. सील बदलायचं, नवीन तेल भरायचं, पुन्हा बांधायचं. आणि खाली हा नॉब आहे, हातानं कडक-नरम करता येतं. माणसं आणि लोखंड भरलं की कडक कर, आईला नेताना नरम. मोकळ्या गाडीला कडक ठेवलंस तर बसल्या माणसाची हाडं मोजून होतील."

धाकटीनं तो शॉकअप हातात घेऊन उलटासुलटा केला. "मिस्त्री, माणसाला असं खोलून तेल भरता आलं असतं ना, तर पहिला नंबर माझा लावला असता."

"तुझं सील मजबूत आहे गं. डोकं तेवढं गळतंय."

खोलता येणारेच घेतले. मिस्त्रीनं त्याच्या शेडमध्ये ते वाईसच्या लोखंडी जबड्यात धरले, नॉब तिच्याकडे करून दाखवला. "घड्याळासारखा फिरवलास की कडक, उलटा फिरवलास की नरम. टक वाजतं बघ. एक एक टक बदलायचं, घाई करायची नाही." वर त्यानं शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक रबरी कडी चढवली. "हिला हात लावू नकोस. शॉकअप जेवढा दबेल तेवढी ही सरकेल. गाडी खोटं बोलली तर ही सांगेल."

गाडी कशाला खोटं बोलेल, असं तेव्हा धाकटीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला मागच्या लांब सीटवर उशा लावून आडवं केलं आणि निघाली. पहिल्याच वळणावर थांबली. चाकामागून हात घालून नॉब चाचपला. तो पलीकडं तोंड करून होता, दिसत काही नव्हतं. नुसत्या बोटांनी एक टक फिरवला, तसाच दुसऱ्या बाजूलाही.

"आता कसं आहे?"

"छान आहे."

थोडं पुढं जाऊन पुन्हा एक टक. "आता?"

"आधीपेक्षा बरंच बरं."

असं करत करत टक वाजायचं थांबलं, नॉब टेकला. आई म्हणाली, "लोण्यावरून चाललीय गं गाडी!" धाकटी खूश. दवाखान्यात आईला मशीनला लावलं, बाहेर येऊन चहा घेतला आणि सहज वाकून रबरी कडी बघितली.

कडी जागची हलली नव्हती म्हटलं तरी चालेल. एवढ्या दगडांवरून आली आणि शॉकअप बोटभरसुद्धा दबला नव्हता.

तिनं मिस्त्रीला फोन लावला, कडी हललीच नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "नॉब तुझ्याकडं होता का पलीकडं?"

"पलीकडं. मागून हात घालून फिरवला."

"मग तुझ्या हाताला जे उलटं, ते त्याला सुलटं! नरम नाही, पार कडक केलंयस. आईला आणलंस की धोंडा आणलास?"

"पण आई म्हणाली लोण्यावरून चाललीय."

  मिस्त्री म्हणाला, "येऊन जा. मी चालवतो, तू मागं बस."

आईचं मशीन चालू असताना ती शेडवर गेली. इतकी वर्षं जीप चालवली, पण स्वतःच्या जीपमध्ये ती मागं कधी बसली नव्हती. ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग असतं, त्याला खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागच्याला काही कळत नाही, एकदम बसतो दणका. मिस्त्रीनं मुद्दाम आईसारखं आडवं व्हायला लावलं आणि शेडमागच्या उकरलेल्या रस्त्यावर जीप घातली. पहिल्याच दगडाला धाकटीच्या तोंडातून निघालं, "अगं आई गं!" दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याला ती ओरडली, "बास, थांबवा!"

"बघ," मिस्त्री म्हणाला. "तुला एवढं. तिची हाडं तर आधीच भुसभुशीत."

तिथं मागच्या सीटवर आडवं पडल्या पडल्याच धाकटीला सगळं उमगलं. आई जगायला कंटाळली नव्हती. आई या वाटेला घाबरत होती, आणि सांगत नव्हती. आमच्या घरात "दुखतं" म्हणायची रीतच नाही. आमच्या माणसांनी मोडक्या हातानं भिंती बांधल्यात, तोंडातून चकार शब्द नाही. अशी माणसं दुसरीकडे शोधून सापडायची नाहीत. पण अशा माणसाला "कसं आहे" विचारून शॉकअप लावायचा म्हणजे मुक्याला गाणं म्हणायला सांगण्यातला प्रकार.

परत नेताना ती आईला म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"काय खोटं?"

"लोणी म्हणालीस."

आईनं डोक्याखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "तू दमून येतेस. तुझे डोळे बघवत नाहीत मला. त्यात मी मागून कण्हत बसू का?"

"म्हणून यायचंच बंद करायचं? त्यापेक्षा कण्हलेलं काय वाईट?"

"कण्हणार नाही मी. सवय नाही."

धाकटीनं जीप कडेला घेतली. डोकं स्टेअरिंगवर टेकलं. भांडायला जोर नव्हता. तशीच टेकून म्हणाली, "बरं, कण्हू नकोस. शिव्या घाल."

"कुणाला?"

"दगडाला. दणका बसला की त्या दगडाला शिवी घाल. तुझी सवय आहे ती."

आता आमच्या आईच्या शिव्या म्हणजे काय विचारता! नळावर भांडण झालं तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका ऐकायला यायच्या. आईनं आधी पदर तोंडाला लावला. मग पहिला दगड आला.

"मेल्या! रस्त्यात बसायला तुला दुसरी जागा मिळाली नाही?"

धाकटी उतरली, या वेळी बरोबर बाजूला एक टक. पुढचा दगड.

"तुझ्या तोंडाला आग लागो, मुडद्या! खडी का नाही झाली तुझी?"

आणखी टक. शिव्या जरा लहान झाल्या. आणखी टक, तर नुसतं "हात मेल्या." एका टकला उलटंच झालं, जीप फार नरम पडून होडीसारखी डुलायला लागली आणि आई म्हणाली, "आता ओकारी होईल, ही गाडी आहे का होडी?" धाकटीनं एक टक मागं घेतला. कडीवर बघितलं तर ती निम्म्यावर सरकलेली, जशी सरकायला हवी तशी.

चढाच्या शेवटच्या वळणावर मागून काहीच आवाज येईना. धाकटीनं वेग कमी केला. आरशात बघितलं. आई तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि डोकं उशीवर हळूहळू हलत होतं, पाळण्यातल्यासारखं.

घरी पोचल्यावर धाकटीनं इंजिन बंद केलं, पण उतरली नाही. आईला उठवायला नको आणि आपल्यालाही उठायला नको. तिथंच सीटवर मान टाकली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जाग आली ती मागून खांद्याला हात लागला तेव्हा.

"चल आत, मान अवघडेल," आई म्हणाली. उतरताना दार धरून जरा थांबली. "आणि पुढच्या वेळी लवकर निघू. त्या खालच्या वळणावरच्या दगडाला सोडलंय मी आज. नीट बोलायचं राहिलंय त्याच्याशी."